धुईचा नियम आणि डोंगरातली दाणादाण

तर खेचरं उधळली, तिथंच काल आपण थांबलो होतो. गोष्ट अशा ठिकाणी तोडून उठणं काही बरं नव्हे, पण भाकरी निवत होती आणि आतून हाका येत होत्या, काय करणार. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढं सांगतो की ही खेचरं आपल्या किनाऱ्यावरची नव्हेत. ती हिमालयातली, सन बासष्टच्या नोव्हेंबरातली, चिनी फौज खिंडीतून खाली उतरली त्या दिवसांतली. आणि त्यांच्या वाटेत जो उभा होता, तो मुरूडच्या अलीकडच्या कोळीवाड्यातला गुणाजी. उंच, काळाकुळकुळीत, हसला की मागचे दातसुद्धा दिसायचे. खाडीच्या ह्या काठावरून त्यानं हाक मारली तर पलीकडच्या काठावरचं कुत्रं उठून उभं राहायचं.

आता कोळ्याचा पोर हिमालयात काय करत होता? तर त्याचा जोडीदार शिवदास याच्या बापाची, भागोजीची, होडी खडकावर आपटून फुटली. दुसरी होईपर्यंत दोघांना काम नव्हतं. अलिबागला फौजेची भरती चालू होती. गंमत म्हणून छाती मोजून घ्यायला गेले आणि दोघेही भरती होऊन परत आले. शिवदासचं केसरशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. रस्ते बांधणाऱ्या पलटणीत त्यांची नेमणूक झाली. जन्मभर पाण्यावर वावरलेली ही दोन माणसं, आणि त्यांना काम काय, तर डोंगर फोडून त्यातून वाट काढायची. शिवदास पत्रात लिहायचा की इथं पाणी बादलीत दगडासारखं होतं, मासा असला तरी त्याला पोहायला येणार नाही. केसर ते पत्र बाजारात टोपली पुढ्यात ठेवून दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि मासळीचं गिऱ्हाईक सोडून हसत बसायची.

दिवाळी होऊन गेली आणि वरची खिंड पडली. तेव्हा या दोघांच्या तुकडीला हुकूम मिळाला तो माघार घ्यायचा. माघार म्हणजे घाबरून पळणं नव्हे, हे गुणाजी पुढं सगळ्यांना सांगायचा. माघारीत पुढचे चालतात तेव्हा मागचे वाट अडवून धरतात, सामान आधी निघतं, जखमी त्याच्यामागं, आणि वळणावळणाला माणसं मोजली जातात. पहिल्या दिवशी तसंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी निसरड्या उतारावर शिवदासचा पाय मुरगळला. घोटा सुजून वांग्याएवढा झाला. गुणाजीनं त्याला खांद्यावर हात टाकायला दिला, पण त्या पायवाटेवर दोघांना शेजारी शेजारी चालता येईना. तुकडी पुढं निघून गेली. अंगावर पातळ स्वेटर, पायात कापडी बूट, आणि समोर धुकं.

इथं मला तुम्हाला धुईचा नियम सांगायला हवा, म्हणजे पुढचं कळेल. हिवाळ्यात पहाटे खाडीच्या तोंडाशी धुई उतरते, इतकी दाट की आपल्याच होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आपल्याला दिसत नाही. होड्या जोडीनं गेलेल्या असतात. धुईत चुकामूक झाली तर जी होडी अडलीय तिनं नांगर टाकायचा, पत्र्याचा डबा वाजवायचा आणि जागचं हलायचं नाही. जी धड आहे तिनं वाट काढायची, पुढचं पाणी बघायचं आणि आवाजावर परत येऊन तिला गाठायचं. दोघींनी फिरायचं नाही, दोघी फिरल्या की दोघी हरवल्या. हा नियम आमच्याकडच्या पोराला चालायच्या आधी कळतो. तो कुणी मोडत नाही, आणि तो पाळून कुणी बुडाल्याचं वाडीत कुणाला आठवत नव्हतं.

गुणाजीनं हिमालयात तोच नियम लावला.

वाटेच्या बाजूला एक पुढं झुकलेला खडक होता. त्याच्या आडोशाला त्यानं शिवदासला बसवलं, आपली कांबळ त्याच्या अंगावर टाकली आणि म्हणाला, "हितंच नांगर टाक. मी खालचा पूल हाय का बगून येतो. हालू नको."

शिवदास म्हणाला, "डबा वाजवू का?"

"वाजव. चिनी येतील जेवायला."

दोघे हसले. गुणाजी खाली उतरला. वळणावर पोचतो तोच समोरून, म्हणजे खालून, माणसं वर येताना दिसली. खालचा रस्ता शत्रूनं आधीच तोडला होता, म्हणून पुढं गेलेले मागं फिरले होते. वरून येणारे अजून खालीच येत होते. त्या वळणावर दोन्ही लोंढे एकमेकांत शिरले, आणि तिथंच खेचरं उधळली.

गुणाजी सांगायचा की गोळीचा आवाज त्यानं तेव्हा ऐकलाच नाही. आवाज होता तो भांड्यांचा. खेचरांच्या पाठीवरची पातेली सुटून दगडावरून गडगडत होती. एकानं रायफल टाकली. ती टाकल्यावर तो किती हलका धावतोय हे दुसऱ्यानं बघितलं, आणि दुसऱ्याला आपली जड वाटायला लागली. साहेब मधोमध उभा राहून हात वर करून काहीतरी सांगत होता, त्याचं तोंड उघडताना मिटताना दिसत होतं. मग तोही दिसेनासा झाला. घटकेपूर्वी जी पलटण होती, तिची आता नुसती माणसं झाली होती. कुणी म्हणालं जंगलात शिरा, तर सगळे उतारावरून जंगलात. गुणाजीनं उलट दिशेनं अंग घातलं, वर जायला. पडला. त्याच्यावरून माणसं गेली. उठला, पुन्हा वर रेटायला लागला, तर कुणीतरी त्याच्या पट्ट्याला धरून त्याला खाली ओढलं. इथपर्यंत लोंढ्यानं त्याला नेलं. पण त्याच्यापुढं तो स्वतःच्या पायांनी धावला. हेही त्यानं कधी लपवलं नाही. थांबला तेव्हा मध्ये डोंगराच्या दोन धारा होत्या, उजेड कमी झाला होता, आणि तो खडक कुठल्या अंगाला हे त्याला सांगता येत नव्हतं.

समुद्रावर तारा असतो, वारा असतो, पाण्याचा रंग असतो. इथं सगळीकडं झाडंच.

पुढं रानकेळीचा गाभा खात, ओढ्याच्या धारेनं उतरत, कधीतरी तो आसामच्या मैदानात बाहेर पडला. पायाची दोन बोटं गेली होती. दवाखान्यात महिनाभर राहिला, तोवर लढाई थांबली होती. पलटणीतला जो भेटेल त्याला विचारायचा, खडकाखाली बसलेला माणूस बघितला का. ज्याला विचारावं तो उलट आपल्याच माणसाचं विचारायचा. कुणी कुणाला बघितलं नव्हतं.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात तो यष्टीतून मुरूडला उतरला आणि आपल्या घरी न जाता पहिल्यांदा भागोजीच्या अंगणात गेला. घडलं ते सगळं तिथं उभ्यानंच सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, नियमानंच वागलास, दुसरं काय करणार होतास. वाडीत सगळे तेच म्हणाले. आपणही तेच केलं असतं, म्हणाले. आता तुम्ही म्हणाल, कुणी दोष देत नाही म्हणजे माणूस सुटला. पण एखाद्यानं शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर गुणाजीला कुठंतरी टेकायला जागा मिळाली असती. वाडी त्याला रोज नव्यानं सोडून देत होती, आणि तो कुठं जाणार?

केसरनं त्या दिवशी एकच विचारलं, की कांबळ जाड होती का.

आमच्या वाडीची आणखी एक रीत आहे. दर्यावर माणूस राहिला आणि त्याचं काही हाती लागलं नाही, तर जो त्याच्याबरोबर शेवटी होता त्यानं किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या नाळेला हात लावून उभं राहायचं. सगळी वाडी जमते. राहिलेल्याचा बाप नाहीतर थोरला माणूस विचारतो, कुठं सोडलास. तो सांगतो. माणूस आता नाही, असं तो आपल्या तोंडानं म्हणाला की मगच बायकोच्या बांगड्या उतरतात, मगच रडणं. आणि मगच ती मोकळी, तिला हवं तर दुसरा पाट लावता येतो. सरकारी कागद येऊ दे नाहीतर न येऊ दे, वाडी तो कागद मानत नाही. वाडी मानते ती जोडीदाराची जीभ.

भागोजीनं विचारलंच नाही. चीननं कैदी सोडले, तेव्हा तो रोज पोस्टाजवळ रेडिओ ऐकायला जाऊन बसायचा. शिवदास त्यांत नव्हता. तरी म्हाताऱ्याचा हिशेब साधा होता. गुणाजीनं थांब म्हटलंय, म्हणजे पोरगा थांबलाय. आपला पोरगा नियम मोडणारा नव्हे. तिथल्या डोंगरात माणसं राहतात, कुणीतरी उचलून नेलं असेल, पाय बरा झाला की येईल. हे तो इतक्या निश्चिंतपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला पुढं बोलवत नसे.

आणि गुणाजी? तो विचारल्याशिवाय सांगायचा नाही, आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होता? त्यानं शेवटचा बघितला तो हसणारा शिवदास.

पण माणूस बदलला. होडीवर जायचा, जाळी ओढायचा, पण कुणाला मागं सोडून पुढं जाणं त्याला जमेना. चौलला दत्ताच्या जत्रेला वाडी गेली होती तेव्हाची गोष्ट. परतीची यष्टी सुटायची वेळ झाली आणि हा गडी खाली उभा राहून वाडीची माणसं मोजतोय. एक म्हातारी कमी भरली. कंडक्टर घंटी वाजवतोय, हा दरवाजा धरून उभा.

कंडक्टर म्हणाला, "ओ फौजी, ही यष्टी हाय, होडी न्हाय."

"होडी आसती तर तुला कवाच पान्यात घातला असता," गुणाजी म्हणाला.

अख्खी गाडी हसली. म्हातारी सापडली, फुगेवाल्याशी भांडत होती. सगळे हसत होते आणि गुणाजी खिडकीशी बसून घामानं भिजला होता. डिसेंबरातला थंड दिवस होता तो.

त्याच सुमारास त्याला यज्ञेश्वर मास्तरांकडं जायचा नाद लागला. मास्तरांची चौलच्या वाटेवर सुपारीची बाग, शाळेत इतिहास शिकवायचे. गुणाजी मासळी पोचवायला जायचा आणि ओट्याखाली बसायचा. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं, की जे त्या वळणावर झालं ते आधी कधी कुणाचं झालंय का.

मास्तरांना कुणी इतकं मनापासून विचारलं नव्हतं. ते रंगात येऊन सांगायचे. पानिपतावर दुपारपर्यंत आपली बाजू भारी होती म्हणे. मग विश्वासराव पडले, भाऊसाहेब अंबारीतून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. लांबच्या शिपायाला दिसली ती रिकामी अंबारी. तेवढ्यानं फौज फुटली. लढताना पडले त्याहून पळताना मारले गेले ते जास्त, आणि हे बहुतेक प्रत्येक लढाईत असंच असतं, मास्तर म्हणाले. समोर तोंड करून उभा असलेला माणूस मारायला अवघड, पाठ दिसली की सोपं. नेपोलियनची फौज रशियाच्या बर्फातून परतत होती, तेव्हा नदीवरच्या पुलापाशी शत्रूपेक्षा आपल्याच माणसांच्या पायाखाली लोक मेले. लांब कशाला जा, आपल्या कोर्लईच्या डोंगरावर पोर्तुगीज चढले तेव्हा पळणारे आणि पाठलाग करणारे एकदमच दरवाजात घुसले, दरवाजा लावायला सवडच राहिली नाही, असं सांगतात. माघार हा लढाईतलाच एक डाव आहे, त्यात कुणाचा तरी हुकूम चालतो. दाणादाण झाली की हुकूम संपतो. तिथं प्रत्येक जण आपल्यापुरता राजा आणि आपल्यापुरता शिपाई. म्हणून, मास्तर शेवटी हळू आवाजात म्हणाले, दाणादाणीत एकट्यादुकट्याला दोष लावता येत नाही, गुणाजी. तो दोष कुणाचाच नसतो.

मास्तर खरं तेच सांगत होते, आणि मायेनं सांगत होते. गुणाजीनं मान हलवली. पानिपतापासून रशियापर्यंतची ती सगळी पळणारी माणसं त्यानं डोळ्यांपुढं आणली आणि त्यांत आपल्याला शोधलं. सापडला नाही. ह्यांतल्या कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. हुकूम संपला होता म्हणतात मास्तर. पण एक हुकूम संपला नव्हता. खडकाखाली बसलेल्याला दिलेला.

इकडं दिवस जात होते. केसर मुरूडच्या बाजारात मासळी विकायची, कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. सणाला पुढं बोलवावं की नाही ह्याचा बायकांना पेच. कुणी बोलवायच्या, कुणी तिला बघून कुजबुजायच्या. पासष्टच्या पावसाळ्यानंतर रेवदंड्याकडचा काळूराम, स्वतःची होडी असलेला, बायको वारलेला, शांत माणूस, त्यानं तिच्यासाठी निरोप धाडला. भागोजी निरोप आणणाऱ्याला म्हणाला, माझी सून सवाशीण आहे, तू घर चुकलास.

दोन दिवसांनी केसर गुणाजीकडं आली. तो बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली कुत्री हाकलत बसला होता. ती टोपली खाली ठेवून समोरच बसली. पूर्वी ती यायची तेव्हा सगळी हकिगत पुन्हा सांगायला लावायची, खडक केवढा, वारा कुठून. त्या दिवशी तिनं हात वर केला आणि सांगू नका म्हणाली.

"भावजी, तुमी एकाला न्हाय बसवून आलात. दोघांना बसवून आलात."

गुणाजीनं खाली पडलेला बोंबील उचलून दोरीवर टाकला.

"मामंजींना मी सांगलंय. ह्या पुनवंला विचारा म्हनून. ते हसले. गुनाजी कंदी बोलायचा न्हाय, म्हनाले, विचारतो की."

"मी त्याला मेलेला बगितला न्हाय, वयनी."

"जिता तरी बगताव का? रोज तिथं खडकाखाली बगताव ना तुमी? मी पन बगतंय. माज्यानं आता बगवत न्हाय." मग टोपली जवळ ओढत म्हणाली, "खोटं बोलू नका. पन बोला."

ती टोपली उचलून गेली. गुणाजीनं त्या दिवशी कुत्री हाकलली नाहीत. निम्मे बोंबील गेले.

पेच काय होता ते नीट बघा. तोंड मिटून राहिला तर केसर जन्मभर अशीच, ना सवाशीण ना विधवा. तोंड उघडलं तर भागोजीचा पोरगा त्याच घटकेला मरणार, आणि मारणारा गुणाजी. तोवर शिवदास कसा का होईना, थांबलेला होता. दाणादाणीचं हेच आहे. लढाईत पडलेल्याला सगळे बघतात, माघारीत राहिलेल्याला कुणीतरी मोजतो. दाणादाणीत राहिलेला माणूस ना मेलेल्यांत ना जित्यांत, तो ज्याला शेवटी दिसला त्याच्याच डोक्यात बसून राहतो.

पौर्णिमेला दुपारी भरती ओसरल्यावर वाडी किनाऱ्यावर जमली. भागोजीची नवी होडी वर ओढलेली होती. गुणाजी आला, धुतलेला सदरा घालून. बोटं गेलेल्या पायानं वाळूत जरा तिरका चालायचा, तसा चालत आला आणि नाळेला हात लावून उभा राहिला. केसर बायकांच्या मागं उभी होती, पदर दातात धरून. भागोजी खरंच निश्चिंत होता. तंबाखू चोळत पुढं आला, तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले. रीत पाळायची म्हणून विचारतो, असं शेजारच्याला म्हणाला, आणि मग मोठ्यानं विचारलं, "गुनाजी, माज्या पोराला कुठं सोडलास?"

गुणाजीचा आवाज, खाडीपलीकडं ऐकू जाणारा, त्या दिवशी पुढच्या रांगेलाही जेमतेम ऐकू आला.

"खडकाच्या आडोशाला बसवून आलो, काका. पाय सुजलेल्याला, हालू नको म्हनून सांगून. समदे पलाले, मी बी पलालो, पन त्याला थांब म्हननारा मी येकटाच. मी सांगलं म्हनून तो हालला नसंल, मला ठावं हाय. नि तिथं जो हालत न्हाय तो उरत न्हाय. शिवदास न्हाय आता. केसरवयनीला मोकली करा."